किल्लीला बांधलेली तार

ताईच्या धाकट्या भावाला सगळे बायचान्स म्हणत. हे नाव कुणी ठेवलं म्हणून विचाराल तर त्यानंच, स्वतःच्या तोंडानं. सकाळी उशिरा उठला की म्हणणार, बाय चान्स डोळा लागला. नोकरी लागली तेव्हा चान्स मिळाला. आभाळ भरून आलं की पावसाचे चान्सेस आहेत. रांगेत मधेच घुसला की जरा चान्स मारला. भांडी घासायची वेळ आली की चान्सच नाही, आणि स्वारी पसार. मुलगी बघायला गेला, मुलीनं होकार दिला, तर हा गडी बाहेर येऊन ताईच्या कानाला लागला, "ताई, काही चान्स नव्हता गं, तरी जमलं!" अशा एका शब्दावर या माणसानं तिशी ओलांडली.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा हे पोर नाक पुसायच्या वयाचं होतं. ताईनं त्याला न्हाऊमाखू घातलं, कान धरून शाळेत पोचवलं, आणि लग्न झालं तेव्हा बरोबरच घेऊन आली. "लोकांच्या बायका माहेराहून भांडी आणतात, आमच्या बाईंनी मेहुणा आणला," असं तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा. म्हणायचा खरा, पण त्यानं त्या पोराला कधी परकं मानलं नाही. पहिला घास त्याच्या ताटात पडायचा. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

"अरे, पण त्या शब्दाचा अर्थ तरी काय?" ताईनं एकदा वैतागून विचारलं होतं.

"हीच तर गंमत आहे ताई. इंग्रजांचा शब्द मोठा कामाचा. संधी म्हणायची तरी चान्स, शक्यता म्हणायची तरी चान्स, योगायोग झाला तरी चान्स, आणि धोका पत्करला तरी चान्सच घेतला म्हणायचं. आपल्याला चार शब्द लागतात, त्यांचं एकात भागतं."

"चार गड्यांचं काम एकटा करणारा गडी एक दिवस घर धुऊन नेतो," ताई म्हणाली. "आणि आपलं काही अडलेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढं म्हटलं की सगळं आलं."

"त्यात दोष फांदीचा की कावळ्याचा, ते कुठं आलं?"

"दोष कुणाचाच नाही, म्हणून तर म्हण पडली ना, मूर्खा!"

बायचान्स हसला. हसला की त्याच्या एका गालाला खळी पडायची, आणि ती पडली की ताईचा राग जायचा. हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

ताईचा नवरा लिफ्टचा मिस्त्री. जुन्या इमारती, दुकानं, एकदोन दवाखाने, जिथली लिफ्ट कुरकुरायला लागेल तिथून त्याला बोलावणं यायचं. माणूस फटकळ. गोड बोलून काम होत असेल तरी तो कडू बोलून करायचा. मेहुणा कुठंच टिकेना, तेव्हा त्यानंच त्याला हाताखाली घेतलं, काम शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी दम भरला, "घरी काय बरळायचं ते बरळ. लिफ्टपाशी हा शब्द तोंडातून काढलास तर थोबाड फोडीन."

त्याला कारण होतं. लिफ्टवाल्यांच्या धंद्यात चान्स ही एक वस्तू आहे. हातभर लाल तार, दोन्ही टोकांना चिमटे. कुठल्याही मजल्यावरचं दार उघडं राहिलं किंवा त्याचं लॉक नीट बसलं नाही, तर लिफ्ट जागची हलत नाही. हलू नये म्हणूनच तशी बनवलेली असते. पण दुरुस्ती करताना कधीकधी तशीच वरखाली न्यावी लागते. मग गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचं, पॅनल उघडायचं आणि ही तार दोन जागी चिमट्यांनी अडकवायची. लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. ती मुकाट्यानं चालायला लागते. कुण्या जुन्या उस्तादानं या तारेला चान्स म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. चान्स लाव, चान्स काढ. आणि काढायचा राहिला, तर लिफ्ट दार उघडं टाकून खुशाल निघून जाते आणि दारामागं उरते नुसती पोकळी. मिस्त्रीचा स्वतःचा उस्ताद तसाच गेला होता. दुसऱ्याच कुणीतरी विसरलेल्या तारेपायी.

तेव्हापासून मिस्त्रीनं एक रीत बसवली होती. घराची किल्ली तारेलाच बांधायची, पक्क्या दोऱ्यानं, गाठीवर गाठ मारून. तार पॅनलमध्ये राहिली तर किल्लीही तिथंच राहणार, आणि माणूस घरी येऊन स्वतःच्याच बंद दारापुढं उभा राहणार. "दमलेला माणूस बायकोचं नाव विसरेल," तो म्हणायचा, "पण घरात शिरल्याशिवाय झोपणार नाही." बाकीचे मिस्त्री त्याला हसायचे. हसू देत. त्याच्या हातून एकही तार कधी मागं राहिली नव्हती.

बायचान्सलाही त्यानं तसंच करायला लावलं. आणि एकदा ते उपयोगी पडलं. एका कापडाच्या दुकानातलं काम उरकून बायचान्स शीळ घालत घरी आला, खिशात हात घातला आणि पायरीवरच मटकन बसला. किल्ली नाही. म्हणजे तार दुकानाच्या पॅनलमध्ये, आणि दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तसाच उलट्या पावली पळत गेला. कुणाला काही झालं नाही. परत आला तेव्हा तोंडाला फेस आला होता, आणि ताईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर निम्मं पाणी अंगावर सांडलं. मिस्त्री त्याच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. शेवटी बोलला तो एवढंच, "त्या दिवशी तू वाचलास तो नशिबानं नाही. गाठीनं वाचलास."

त्या दिवसापासून बायचान्सनं जगात सगळ्यांची थट्टा केली, पण भाऊजींची केली नाही. "सूर्य एखाद्या दिवशी दांडी मारेल," तो बायकोला सांगायचा, "पण भाऊजींची तार खिशात नाही असं होणार नाही."

ताईच्या घरात दारामागं एक खिळा होता. त्यावर नवऱ्याची किल्ली लटकायची, लाल शेपटीसकट. पूर्वी दोन शेपट्या असायच्या, लग्नानंतर बायचान्स पलीकडच्या गल्लीत राहायला गेला तेव्हा एक उरली. संध्याकाळी ती शेपटी खिळ्यावर दिसली की ताईला वाटायचं, चला, आजचा दिवस सुखरूप गेला. बोलून दाखवायची नाही. पण कामं करताकरता मान वळवून एकदा बघायची मात्र.

त्या दिवशी भावजय प्रसूतिगृहात होती. तिथल्या लिफ्टचं काम वर्षानुवर्षं मिस्त्रीकडं, सगळ्यांशी ओळख, म्हणून तिचं नाव तिथंच घातलेलं. बायकांच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनची खोली तळमजल्यावर. ताई आदल्या रात्री भावजयीच्या उशाशी बसून होती, आणि सकाळी जरा पाठ टेकायला म्हणून घरी आली. पाठ काही टेकली नाही. उगाच कपाट आवरलं, डबा केला, पुन्हा पुन्हा फोन उलटा करून बघितला. कुठंतरी काहीतरी बिनसलंय असं तिला सकाळपासून वाटत होतं. दूध उतू गेलं, हातातली बशी फुटली. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणून तिनं स्वतःलाच दटावलं आणि काचा गोळा केल्या.

दुपारी बायचान्सचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"ताई, तिला खाली नेलंय. ऑपरेशन करायचं म्हणतात. बाळाचे ठोके कमी येतायत."

"मी निघते."

"नको, भाऊजी आहेत इथं. लिफ्ट बिघडली होती, तेवढ्यात तेच आले. देवासारखे आले बघ. ताई, डॉक्टर म्हणतात, चान्सेस चांगले आहेत. चांगले म्हणजे काय गं?"

जन्मभर तो शब्द चघळलेला माणूस तिला त्याचा अर्थ विचारत होता.

"चांगले म्हणजे सगळं नीट होणार," ती म्हणाली. "तू पाणी पी आणि एका जागी बस. मी संध्याकाळी डबा घेऊन येते."

फोन ठेवला आणि ती भिंतीला धरून उभी राहिली.

तासाभरानं जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली. त्यानं खिशात हात घालायच्या आतच तिनं दार उघडलं. "काय झालं? आहे ना ती ठीक?"

"अजून आतच आहे. डॉक्टर बाहेर आले नाहीत." तो तिच्याकडं न बघता आत गेला, खाटेखालून जुन्या सामानाचा पत्र्याचा डबा ओढला आणि जमिनीवर उपडा केला. नट, कड्या, पट्ट्या घरभर घरंगळल्या. एरवी एक खिळा इकडचा तिकडं झाला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस.

"काय शोधताय?"

"स्प्रिंग. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक गेलंय. दुकानात मिळाली नाही. ह्यात एक जुनी होती."

"मग लिफ्ट बंदच असेल. बायकांचे हाल."

"चालू आहे," तो म्हणाला आणि पुन्हा कड्यापट्ट्या चाळायला लागला.

ताई स्वयंपाकघराकडं वळली, आणि सवयीनं तिची मान खिळ्याकडं गेली. खिळा मोकळा होता.

"किल्ली अडकवली नाही आज?"

"खिशात आहे. लगेच परत जायचंय. तू पण चल, डबा घे."

बरोबरच होतं ते. परत निघायचं तर कशाला अडकवायची? पण त्याचा आवाज तिला आवडला नाही. बावीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिच्यावर आवाज चढवला होता हजारदा, उतरवला नव्हता कधी. आज तो हळू बोलत होता. भावजयीच्या काळजीनं असेल, असं तिनं मनाला समजावलं आणि डब्याची झाकणं लावली.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई! मुलगी! मुलगी झाली! दोघी ठणठणीत!"

ताई मटकन ओट्याला टेकली. रडायला लागली, त्यातच हसायला लागली. "अगं बाई! कशी आहे रे? कुणावर गेलीय?"

"लाल आहे. नुसती लालबुंद. आणि ओरडते तुझ्यासारखी."

"गाढवा! बाप झालास तरी अक्कल नाही आली. गुंडाळलंय कशात तिला?"

"दवाखान्याचं काहीतरी आहे, हिरवं."

"चालायचं नाही! वर खोलीत खाटेखाली निळी पिशवी आहे, त्यात झबलं आहे, मी शिवलेलं. पोरीच्या अंगाला पहिलं कापड माझ्या हातचं लागलं पाहिजे. जा, आत्ताच्या आत्ता घेऊन ये."

"हुकूम सरकार! हा गेलो आणि हा आलो. भाऊजींची लिफ्ट झिंदाबाद!"

फोन बंद झाला. ताईनं डोळे पुसले आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडली, "अहो, ऐकलंत का? मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

मिस्त्री दारात आला. मुठीत स्प्रिंग होती. त्याचा चेहरा उजळला, अगदी लहान मुलासारखा उजळला, आणि तो भिंतीला टेकून म्हणाला, "सुटलो. सुटलो गं बाई." मग लगेच भानावर आला. "चल, चल लवकर. हे एवढं बसवून टाकतो."

ताईनं डबा पिशवीत घातला, चपला सरकवल्या, दोघं बाहेर आली. ती बडबडत होती. मुलीचं नाव कुणी ठेवायचं, आत्याचाच मान, बायचान्सला ठेवायला दिलं तर काय ठेवेल देव जाणे. मिस्त्रीनं दार ओढलं, खिशातून किल्ली काढली आणि कुलपात घातली.

किल्लीला शेपटी नव्हती. कापलेल्या दोऱ्याची दोन टोकं तेवढी भोकातून बाहेर आली होती.

ताईची बडबड थांबली. "अहो. तार कुठाय?"

तो किल्ली फिरवेना. कुलपाकडंच बघत राहिला.

"तार कुठाय म्हणते मी!"

"तिथंच आहे. पॅनलमध्ये."

"विसरलात?"

"नाही. दोरा कापला मी. घरात शिरायला किल्ली लागणार होती. वाटलं, तू तिकडं यायला निघाली असशील."

तिला क्षणभर समजेचना. विसरणं एक वेळ समजलं असतं. माणूस आहे, विसरतो, त्यासाठीच तर ती गाठ होती. पण ह्या माणसानं स्वतःच्या हातानं ती गाठ कापली होती.

"तिला खाली न्यायचं होतं," मिस्त्री भराभरा सांगायला लागला. "जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. लिफ्ट त्या लॉकपायी अडून बसलेली. बाळाचे ठोके कमी यायला लागले. तुझा भाऊ माझे पाय धरायला वाकला. म्हणाला, भाऊजी, एकदाच, एक चान्स घ्या. काय करणार होतो मी? लावली तार. दाराशी स्वतः उभा राहिलो, तिला खाली पोचवली. त्यात काही चुकलं नाही माझं."

"नाही चुकलं. मग काढली का नाही?"

"वर आणखी दोघी आहेत, कुठल्याही क्षणी खाली आणाव्या लागतील. सिस्टर हात जोडून म्हणाली, बंद करू नका हो मिस्त्री. मी म्हटलं, जाऊन येण्यापुरता तर प्रश्न आहे. स्प्रिंग आणतो, बसवतो, तार काढतो. तिसऱ्या मजल्याच्या दारापुढं खुर्ची आडवी ठेवलीय. तिथल्या सिस्टरला सांगून आलोय, खुर्ची हलवू देऊ नका म्हणून."

"आणि त्याला? त्याला सांगितलंत?"

मिस्त्रीनं खाली बघितलं.

"त्याला काय सांगू? इतकी वर्षं त्याला ज्यावरून फाडून खाल्लं, तेच मी करून ठेवलंय असं? तो ऑपरेशनच्या दाराशी बसला होता. म्हटलं, तो काही तिथून हलत नाही. त्याला कळायच्या आत परत येईन."

ताईच्या हातातली पिशवी खाली गेली. डबा पायरीवर आपटला आणि त्याचं झाकण गडगडत जिन्यानं खाली गेलं.

"मी त्याला वर पाठवलंय," ती म्हणाली. "झबलं आणायला."

मिस्त्रीच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. "लिफ्टनं?"

"लिफ्टनंच म्हणाला."

"जाताना काही नाही. जाताना लिफ्ट त्याच्याबरोबरच आहे." तो तिला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. "पण रिकामी झाली की ती आपोआप खाली येऊन उभी राहते. तळमजल्याला. मीच तशी ठेवलीय, पेशंटसाठी. आणि वरचं दार... दाराला लॉकच नाही गं. ओढलं की उघडतं. मागं लिफ्ट असो नसो."

ताईची बोटं फोनवर नीट पडेनात. दोनदा भलताच नंबर लागला. तिसऱ्यांदा तिकडं घंटा वाजायला लागली. वाजत राहिली. मिस्त्री तिच्या इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास तिच्या कानाला लागत होता. उचल रे, ती मनात म्हणाली. माझ्या सोन्या, माझ्या राजा, उचल.

"हां ताई, मिळालं! झबलं मिळालं, टोपरंही आहे."

"जिन्यानं ये! ऐकतोस का, जिन्यानं ये! लिफ्टच्या दाराला हात लावू नकोस!"

"काय झालं? ओरडतेस काय अशी?" तो चालता चालता बोलत होता, दम लागला होता, आणि सगळा आवाज आनंदानं भरून वाहत होता. "थांब हं, इथं कुणीतरी खुर्ची आडवी टाकलीय. मघाशी सरकवली तर पुन्हा आणून ठेवली. काय माणसं असतात."

"ती खुर्ची तशीच राहू दे! तार आहे तिथं! तुझ्या भाऊजींनी तार काढलेली नाही, लिफ्ट तारेवर चाललीय!"

तिकडं तो हसला. ताईला ती खळी दिसली.

"ताई, जागरणानं डोकं फिरलंय तुझं. लिफ्ट चालू आहे म्हणजे लॉकचं काम झालंय. भाऊजी तार ठेवून जातील? आपले भाऊजी?" खुर्चीचे पाय फरशीवर खरडल्याचा आवाज आला. "चान्सच नाही."

मिस्त्रीनं फोन हिसकून घेतला. "अरे थांब! मी बोलतोय, थांब!"

दार कुरकुरलं. ते मिस्त्रीला ऐकू आलं. ते दार कसं कुरकुरतं ते त्याला पाठ होतं, बिजागरीला तेल घालायचं त्यानं गेल्याच खेपेला पुढं ढकललं होतं.

"भाऊ..." एवढाच शब्द आला. तो कुणाला हाक मारत होता की काही विचारत होता, ते पुढं कधीच कळलं नाही.

नंतर जे ऐकू आलं ते ताईनं नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ऐकलं. फोन त्याच्या कानाला होता, आणि त्याचे डोळे हळूहळू मिटत गेले, कुणी खूप जड काही अंगावर ठेवावं तसे. फोन काही बंद पडला नाही. चालूच राहिला. थोड्या वेळानं त्यातून एका बाईची किंकाळी आली, आणि मग पुष्कळ माणसांची पळापळ.

कावळा बसला आणि फांदी मोडली, दोष कुणाचाच नाही. ताईच्या डोक्यात स्वतःचंच बोलणं घुमायला लागलं. पण फांदी आधीच कापून ठेवली होती. आणि बस तिथं जाऊन, असं तिनंच त्याला सांगितलं होतं.

तिनं नवऱ्याच्या दंडाला धरलं. नखं रुतली तरी तिला कळलं नाही, आणि त्यालाही कळलं नाही.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "अहो, काही चान्स आहे का हो?"

तो शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढला. दुसरा कुठला आठवला नाही.

मिस्त्रीला ठाऊक होतं लिफ्ट कुठं उभी असते. तिसऱ्या मजल्यापासून तिथपर्यंत किती पोकळी आहे, तेही ठाऊक होतं. त्या शाफ्टमध्ये तो वर्षानुवर्षं उतरला होता, तिथली वीट न् वीट त्याच्या हाताखालची होती.

"आहे," तो म्हणाला. "आहे ना. चान्स आहे. चल."

आणि तो तिच्याकडं न बघता जिना उतरायला लागला. किल्ली कुलपातच राहिली. ताई त्याच्यामागं धावली, आणि उतरताना एकदाच तिची मान सवयीनं मागं वळली, ओढलेल्या दाराआडच्या त्या खिळ्याकडं.